जामदारखान्यातले दागिने आणि बाईला लागलेला बोल

कामं आवरून, हात पुसून रेडिओजवळ बसला असाल, तर आज तुम्हाला एका राजघराण्याच्या दागिन्यांची हकीकत सांगतो. राजवाड्यातले हिरे-मोती म्हटले की आपले कान टवकारतात. कुणी म्हणतं, त्या हिऱ्याला शाप होता. कुणी म्हणतं, राणीने सगळं पळवलं. कुणी म्हणतं, खरे खडे काढून काचेचे बसवले. अशा गोष्टी आपण चवीने ऐकतो आणि पुढे सांगतो. आमच्या गटांच्या बैठकीतही हा विषय निघाला, तेव्हा सगळ्याजणी एकच विचारत होत्या, "यातलं खरं किती?" म्हणून आम्ही जमेल तेवढं वाचलं, खरं आणि ऐकीव वेगळं केलं, आणि आज ते तुमच्यापुढे मांडत आहोत.

घराणं आहे बडोद्याच्या गायकवाडांचं. बडोदं गुजरातेत असलं तरी हे घराणं आपल्याकडचं. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात दावडी नावाचं गाव आहे, तिथले हे गायकवाड. मराठ्यांच्या फौजा अठराव्या शतकात गुजरातेत गेल्या, त्यात गायकवाड सरदार होते. त्यांनी तिथे राज्य उभं केलं आणि ते १९४९ पर्यंत टिकलं.

मराठी राजघराण्यांत जडजवाहीर, उंची वस्त्रं, मौल्यवान वस्तू ठेवायच्या जागेला जामदारखाना म्हणत. बडोद्याच्या जामदारखान्याचा बोलबाला सगळीकडे होता. तो सर्वांत जास्त वाढवला खंडेराव महाराजांनी. ते १८५६ मध्ये गादीवर आले आणि १८७० मध्ये वारले. त्यांना रत्नांचं भारी वेड होतं. त्यांनी घेतलेल्या दोन वस्तू पुढे जगभर गाजल्या. एक हिरा आणि दुसरा मोत्यांचा गालिचा.

आधी हिऱ्याचं सांगतो. त्याचं नाव 'स्टार ऑफ द साउथ', म्हणजे दक्षिणेचा तारा. पण तो आपल्या दक्षिणेतला नव्हे. तो सापडला दूर ब्राझील देशात, १८५३ साली, नदीकाठच्या खाणीत. तिथे तेव्हा गुलामगिरी होती. आफ्रिकेतून आणलेली माणसं आणि त्यांची मुलंबाळं मालकासाठी चिखल उपसत, रेती चाळत. अशीच एक गुलाम बाई काम करत असताना तिला हा खडा दिसला. कच्चा खडा सुमारे २६० कॅरेटचा होता. कॅरेट म्हणजे किती? पाच कॅरेटचा एक ग्रॅम होतो. म्हणजे हा खडा झाला पाच तोळ्यांहून थोडा जास्त. ॲमस्टरडॅम शहरात त्याला पैलू पाडले, तेव्हा तो साधारण १२८ कॅरेटचा राहिला. तरीही अडीच तोळ्यांचा एकच हिरा!

हा हिरा सापडल्याबद्दल त्या बाईला गुलामगिरीतून मोकळं केलं आणि तिला पेन्शनही बांधून दिली, असं सांगितलं जातं. हिरा पॅरिसच्या आणि लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत मांडला गेला आणि शेवटी खंडेराव महाराजांनी तो विकत घेतला. किंमत ८० हजार पौंड होती, असं जुन्या पुस्तकांत येतं. या हिऱ्याच्या हकिकतीत खरेदी करणाऱ्यांची, पैलू पाडणाऱ्यांची, विकणाऱ्यांची नावं मोठ्या मानाने येतात. जिने तो चिखलातून उचलला, ती बहुतेक ठिकाणी नुसती 'एक गुलाम स्त्री' असते. मैत्रिणींनो, खुरपणीला आपण, पेरणीला आपण, आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही.

आता गालिचा. तो साधारण १८६५ च्या सुमारास खंडेराव महाराजांनी बनवून घेतला. लांबी पावणेनऊ फूट, रुंदी पावणेसहा फूट. आपल्या घरातली एखादी मोठी सतरंजी डोळ्यांपुढे आणा. त्यावर विणकामाऐवजी मोती जडवलेत. किती, तर पंधरा ते वीस लाख! शिवाय हिरे, माणकं, पाचू आणि नीलम. महाराजांच्या मनात तो मदिनेला पैगंबरसाहेबांच्या कबरीसाठी नजर करायचा होता, असं सांगतात. पण ते वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०३ च्या सुमारास दिल्ली दरबाराच्या वेळी प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला आणि त्याची कीर्ती पसरली.

हे मोती 'बसऱ्याचे मोती' म्हणून ओळखले जात. लग्नाच्या नथीत बसऱ्याचा मोती असणं ही आपल्या आज्या-पणज्यांची हौस होती. बसरा हे इराकचं बंदर, पण मोती निघत ते इराणच्या आखातात, आजच्या बहारीन, कतार, कुवेत या देशांच्या किनाऱ्याला. पाणबुडे नाकाला चिमटा लावत, पायाला दगड बांधत आणि एका दमात तळाशी जात. दिवसभरात अशा कित्येक बुड्या. ही माणसं हंगामाआधी जहाजाच्या मालकाकडून उचल घेत. हंगाम संपला की हिशोब व्हायचा, आणि बहुतेकांची उचल फिटायचीच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच जहाज, पुन्हा तीच बुडी. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना उचल म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. राजवाड्यातला गालिचा मऊ होता, पण त्यातला प्रत्येक मोती कुणीतरी श्वास कोंडून वर आणलेला होता.

आणि विकत घेणाऱ्याचा पैसा कुठून आला? राज्याचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः शेतसारा. खंडेरावांनंतर त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. त्यांनी तर सोन्याच्या तोफा करवून घेतल्या. त्यांच्या कारभाराविरुद्ध इतक्या तक्रारी झाल्या की १८७३ मध्ये इंग्रज सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. तिच्यापुढे जादा साऱ्याच्या तक्रारी आल्या, सावकारांच्या आल्या, आणि घरंदाज बायकांना जबरदस्तीने वाड्यावर चाकरीला ओढून नेल्याच्याही आल्या. सोन्याची तोफ आजही लोक कौतुकाने सांगतात. त्या बायकांच्या तक्रारी मात्र सरकारी कागदांतच पडून राहिल्या.

आता पहिल्या मोठ्या अफवेकडे येऊ. आपल्या जुन्या गोष्टींत, नाटक-सिनेमांत एक वाक्य हमखास येतं: 'हिरकणी खाऊन जीव दिला.' हिऱ्याची पूड पोटात गेली की आतडी कापली जातात, असा समज. बडोद्यात हा समज थेट खटल्यात आला. ९ नोव्हेंबर १८७४ चा दिवस. बडोद्यात इंग्रजांचे रेसिडेंट होते कर्नल फेअर. रोज सकाळी ते पपनसाचं सरबत पीत. त्या दिवशी दोन-तीन घोट घेतल्यावर त्यांना चव वेगळी लागली. त्यांनी पेला ओतून दिला आणि तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल आणि चकाकणारी बारीक पूड असल्याचं सांगण्यात आलं. ती पूड हिऱ्याची आणि हे काम मल्हाररावांचं, असा आरोप ठेवला गेला.

एका राजावर उघड खटला! चौकशीला सहा जणांचा आयोग बसला. तिघे इंग्रज. तिघे हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा आणि सर दिनकरराव. मल्हाररावांनी बचावासाठी थेट इंग्लंडहून नामांकित वकील आणला. जवाहिऱ्याच्या वह्या आणि दरबारी खर्चाच्या नोंदी यांची तपासणी झाली. कुणी किती हिरे घेतले, पैसे कोणत्या नावाखाली खर्ची पडले, नोंद खरी की मागाहून फिरवलेली, यावर वाद झाला. शेवटी तिघे इंग्रज म्हणाले, दोषी. तिघे हिंदी म्हणाले, गुन्हा सिद्ध झालेला नाही. बरोबरी झाली. मग एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना गादीवरून काढलं, पण कारण दिलं गैरकारभाराचं. त्यांना मद्रासला पाठवलं आणि ते तिथेच वारले.

खरं काय ते आधी सांगून टाकतो. हिऱ्याची पूड हे विष नाही. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, तो पोटातल्या रसात विरघळत नाही आणि रक्तात भिनत नाही. सोमल मात्र जहाल विष आहे. त्या सरबतात जीव घेणारं काही असलं तर ते सोमल होतं. तरीही दीडशे वर्षांनंतर लोकांच्या तोंडी राहिली ती हिऱ्याचीच गोष्ट. कारण अफवेला झगमगाट लागतो.

मल्हाररावांनंतर गादीवर कोण बसणार? इथे जमनाबाई पुढे येतात. त्या खंडेरावांच्या विधवा. पतीच्या मृत्यूच्या वेळी त्या गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर गादी त्याची होती. झाली मुलगी, आणि गादी मल्हाररावांकडे राहिली. बाई तान्ह्या लेकीला घेऊन पुण्यात येऊन राहिल्या. मल्हारराव गेल्यावर दत्तक घ्यायचा अधिकार जमनाबाईंना मिळाला. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे गाव आहे. तिथल्या गायकवाडांच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ त्यांनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतला. तोच पुढे सयाजीराव महाराज तिसरे झाला.

सयाजीराव गादीवर आले तेव्हा तोच जामदारखाना त्यांच्या हाती होता. हिरे होते, गालिचा होता, तोफाही होत्या. दरबाराच्या दिवशी ते दागिने घालतही. पण राज्याचा पैसा त्यांनी दुसऱ्या वाटेने लावला. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. गावोगाव वाचनालयं उघडली. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. आणि १९०८ च्या जुलै महिन्यात एक बँक काढली. तिचं नाव बँक ऑफ बडोदा. होय, तीच! आपल्यातल्या कितीतरी गटांची खाती आज त्या बँकेत असतील.

त्यांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई. त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून घेतलं, ते १९११ मध्ये निघालं. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तिच्या अध्यक्षा चिमणाबाईच होत्या. परिषदेचा विषय होता मुलींचं शिक्षण. या राणीचे दागिने किती तोळ्यांचे होते, याच्या अफवा कुणी सांगत नाही. तिचं काम लिहून ठेवलेलं आहे, म्हणून ते सांगता येतं.

आता येतो सगळ्यांत जास्त गाजलेला भाग. १९३९ मध्ये सयाजीराव वारले आणि नातू प्रतापसिंहराव महाराज झाले. पदरी पत्नी शांतादेवी आणि मुलंबाळं होती. १९४३ मध्ये मद्रासला घोड्यांच्या शर्यतीत त्यांची गाठ पडली सीतादेवींशी. त्या आंध्रातल्या पिठापूरच्या राजघराण्यातल्या, विवाहित. पहिलं लग्न मोडण्यासाठी त्यांनी काही काळ धर्म बदलला, मग पुन्हा हिंदू होऊन महाराजांशी लग्न केलं. पण बडोद्यात एक बायको असताना दुसरं लग्न करायला कायद्याने बंदी होती. त्यावर, हा कायदा प्रजेसाठी आहे, राजाला तो लागू नाही, असा पवित्रा घेतला गेला. मैत्रिणींनो, पुढचं सगळं रामायण या एका वाक्यात आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर सीतादेवी युरोपात मोनॅको या छोट्या देशात राहू लागल्या. त्यांच्यापाठोपाठ जामदारखान्यातले दागिनेही गेले. देश स्वतंत्र झाला. संस्थानं विलीन होऊ लागली आणि १ मे १९४९ रोजी बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. विलीनीकरणाच्या करारात प्रत्येक राजाला आपल्या खासगी मालमत्तेची यादी द्यायची होती. वाडा कुणाचा, जमीन कुणाची, दागिने राजाचे की राज्याचे, हे ठरवायचं होतं. बडोद्याची यादी करायची वेळ आली आणि जामदारखाना उघडला, तेव्हा जागा रिकाम्या दिसू लागल्या.

सरदार पटेलांचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावर पुस्तक लिहिलं आहे. त्यात त्यांनी बडोद्याची हकीकत दिली आहे. महाराजांनी राज्याच्या राखीव निधीतून भल्यामोठ्या रकमा उचलल्या होत्या. नावाजलेला सात पदरी मोत्यांचा हार, मोठे हिरे जडवलेला हार आणि मोत्यांचे गालिचे परदेशी गेले होते. सरकारने महाराजांना जाब विचारला, काही दागिने परत मिळवले, आणि पैसे हप्त्याने फेडून घ्यायचं ठरलं. पुढे १९५१ मध्ये सरकारने प्रतापसिंहरावांना महाराजा म्हणून मानणं बंद केलं आणि त्यांचा मुलगा फत्तेसिंहराव यांना गादी दिली. सीतादेवींशी त्यांचं लग्न १९५६ मध्ये मोडलं.

आता अफवा ऐका. एक अशी की जे दागिने परत आले, त्यातले खरे खडे आधीच काढून घेतलेले होते. एक अशी की सीतादेवींनी पायातले हिरे-पाचूंचे तोडे न्यूयॉर्कच्या एका जवाहिऱ्याला विकले, त्याने त्याचा गळ्यातला हार केला आणि तो इंग्लंडच्या माजी राजाच्या पत्नीने, डचेस ऑफ विंडसर यांनी घेतला. १९५७ मध्ये एका मेजवानीत सगळे हाराचं कौतुक करत होते, तेव्हा सीतादेवी म्हणाल्या म्हणे, हे खडे माझ्या पायातही इतकेच छान दिसायचे! आणि त्या बाईंनी रागाने हार परत केला. तोडे विकले गेले आणि त्यांचा हार झाला, ही गोष्ट खरी मानतात. मेजवानीतलं बोलणं मात्र प्रत्येक जण आपापल्या चवीचं मीठ घालून सांगतो.

या सगळ्या गोष्टींचं तात्पर्य लोक एकच काढतात: "बाईने घर बुडवलं." आम्ही हे वाचलं तेव्हा गटातली एक ताई पटकन म्हणाली, "पण तिजोरीची किल्ली कुणाकडे होती?"

हाच खरा प्रश्न आहे. सीतादेवींनी दागिने नेले, विकले, थाटात राहिल्या, हे लपवायचं कारण नाही. पण राज्याच्या निधीतून पैसे काढायचा अधिकार राणीला नव्हता. जामदारखाना तिच्या हुकुमाने उघडत नव्हता. कायदा मला लागू नाही, हा पवित्रा राजाचा होता. आणि ज्या कागदांवर सरकारने कारवाई केली, त्यांत जबाबदार धरलेलं नाव महाराजांचं आहे. सरकारी कागद एका माणसाकडे बोट दाखवतात, अफवा दुसऱ्याच माणसाकडे. आपल्या गावातही असंच होतं ना? नवऱ्याने दारूपायी मंगळसूत्र गहाण टाकलं तरी लोक म्हणतात, "तिलाच संसार नाही जमला."

आपल्या गटाची पेटी आठवा. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. पैसे काढायचे तर बैठकीत ठराव, आणि सह्या. सुरुवातीला कुणी कुणी हसतं, "दोन-चार हजारांसाठी एवढं नाटक?" बडोद्यात कोट्यवधींचा खजिना होता, आणि पेटी, किल्ली, वही तिन्ही शेवटी एकाच हातात आली. आजोबांच्या काळी चालून गेलं, कारण आजोबा शहाणे होते. नातवाच्या काळी घसरलं. माणूस शहाणा आहे यावर खजिना सोपवायचा नसतो, नियमावर सोपवायचा असतो.

ते दागिने आज कुठे आहेत? सीतादेवी १९८९ मध्ये पॅरिसला वारल्या. दक्षिणेचा तारा हातोहात फिरला आणि २००२ मध्ये कार्टिए या परदेशी जवाहिऱ्यांच्या कंपनीकडे गेला. सात पदरी हारातले निवडक मोती घेऊन केलेला, असं मानला जाणारा, ६८ मोत्यांचा दोन पदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. आणि गालिचा? तो २००९ मध्ये लिलावात निघाला, सुमारे ५५ लाख डॉलरना. लिलाव झाला कतार देशातल्या दोहा शहरात आणि गालिचाही तिथल्याच संग्रहात गेला. ज्या किनाऱ्यावर पाणबुड्यांनी ते मोती वर काढले, फिरून फिरून ते त्याच किनाऱ्याला लागले.

बडोद्यात काय उरलं? शाळा उरल्या. वाचनालय उरलं. बँक उरली, आणि ती तर देशभर पसरली. बाबासाहेब शिकून आले आणि त्यांनी राज्यघटना लिहिण्याचं काम केलं, ते तर आपल्या सगळ्यांच्या वाट्याला आलं.

आता आपल्याकडे येऊ, कारण राजवाड्याची गोष्ट ऐकून आपण उठून गेलो तर उपयोग काय? आपल्या घरात जामदारखाना नाही. कपाटात कुलूपबंद डबा असेल, त्यात मणीमंगळसूत्र, कानातलं, चार बांगड्या, आईने दिलेली नथ. पण प्रश्न तोच आहे: हे कुणाचं, आणि ते कुठे लिहिलंय?

कायदा काय म्हणतो ते ऐका. लग्नात, लग्नाआधी, लग्नानंतर बाईला मिळालेले दागिने, भेटी हे तिचं स्त्रीधन. नवऱ्याच्या घरी राहायला गेलं म्हणून ते घराच्या सामाईक मालकीचं होत नाही. नवऱ्याकडे किंवा सासूकडे सांभाळायला दिलं, तर ते फक्त सांभाळणारे. मागितलं की परत द्यायचं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षी हुंडाबंदी कायद्याखाली एक नियम आला, तो फार कमी घरांत माहीत आहे. लग्नात नवरीला आणि नवऱ्याला ज्या भेटी मिळतात, त्यांची यादी करायची. वस्तू काय, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, देणाऱ्याचं नातं काय, हे लिहायचं आणि खाली नवरा-नवरीने सही किंवा अंगठा करायचा. नवरीची यादी नवरीने जपून ठेवायची. हुंडा देणं-घेणं गुन्हाच आहे, ही यादी आपखुशीने दिलेल्या भेटींची आहे.

आपण आहेराची वही किती काळजीने लिहितो! कुणी शंभर दिले, कुणी भांडं दिलं, कुणाचं फेडायचं राहिलं, सगळं त्यात असतं. मग लेकीच्या दागिन्यांची एक पानभर यादी करायला काय हरकत आहे? आम्ही गटागटांत हे सुरू करत आहोत. वहीच्या एका पानावर दागिन्याचं नाव, वजन, कुणी दिला, कधी दिला. सोनाराची पावती असेल तर तिची झेरॉक्स. नवा दागिना घेताना हॉलमार्क बघायचा आणि पावती आपल्या नावाने करायची. गहाण ठेवला तर तारीख, रक्कम, व्याजाचा दर लिहायचा आणि पावती आपल्याकडे ठेवायची. दागिना मोडला तर किती ग्रॅमचा मोडला आणि पैसे कशाला लागले, तेही लिहायचं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. बोअरवेलला लागले, मुलाच्या फीला लागले, दवाखान्याला लागले, जे असेल ते. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की "सोनं कुठं गेलं तुझं?", तर वही बोलेल.

काही जणी म्हणतात, घरात असं लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास दाखवणं. आमचं म्हणणं आहे, गटात आपण एकमेकींवर विश्वास आहे म्हणूनच वही लिहितो. लिहिलेलं असलं की संशयाला जागा राहत नाही आणि नातं टिकतं.

बडोद्यात जिथे यादी सापडली, तिथे सरकारला जाब विचारता आला आणि काही परत आणता आलं. जिथे यादी नव्हती, तिथे आजही गप्पाच चालू आहेत. तेव्हा येत्या बैठकीला येताना डबा घरीच ठेवा, फक्त वजनं आणि पावत्या घेऊन या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची यादी आपण मिळून लिहू. आणि जिच्या घरी येत्या हंगामात लेकीचं लग्न आहे, तिने आधी यावं.